जित्या अळ्या

पुणे, २ सप्टेंबर १९१३

ती. यमुनावहिनींस परशुरामाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. तुमचे भाऊ गोपाळदादा कॅसलरॉकच्या मालधक्क्यावर आहेत म्हणून आपली पत्रं चालतात, नाहीतर दिग्गीहून पुण्याला पत्र येणं म्हणजे माकडाने काशी करणं.

तुम्ही विचारता, पदवी मिळाली, मग अजून काय शिकतोस? शिकत नाही, शोधतो. शेतकी कॉलेजातल्या साहेबाच्या हाताखाली वर्षभर एकाच कामाला जुंपलो आहे. पिकावर पडणाऱ्या किडीला माणसासारखाच रोग होतो, आणि तो रोग करणारे जंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते धरायचे, काचेच्या नळीत मटणाच्या पाण्यावर वाढवायचे आणि पुन्हा किडीवर सोडायचे. दिवसभर मटण उकळत असतो. बरोबरचे दोघे विद्यार्थी सोवळ्यातले, ते नाकाला उपरणं लावून बसतात आणि मला खाटीक म्हणतात. साहेब नावानेसुद्धा हाक मारत नाही, 'तो जंगलातला' म्हणतो. चैत्रापर्यंत काही हाती लागलं नाही तर घरी जा म्हणून त्याने सांगून ठेवलं आहे.

आणि तुम्ही सहज लिहून जाता, की ओढ्याकाठच्या खाचरात अळी पडली आहे, पण काही अळ्या पातीला उलट्या लोंबून काळ्या पडल्यात! वहिनी, त्याच मला हव्यात. काळ्या, लोळागोळा झालेल्या, मेलेल्या. वेळूच्या नळकांड्यात भरा, तोंडाला मेण लावा आणि गोपाळदादांकडे पोचवा. हात मात्र राखेने धुवा.

तुम्हीच पाटीवर अक्षर गिरवून घेतलंत, आता जंतूही तुम्हीच द्या.

तुमचा,
परशुराम


दिग्गी, ११ सप्टेंबर १९१३

चि. परशूभाऊजींस यमुनेचा आशीर्वाद.

नळकांडं पाठवलं आहे. वेचताना जळवांनी माझे पाय धुऊन घेतले, ते तुमच्या साहेबाला कळवा. सासूबाईंनी विचारलं काय वेचतेस, मी म्हटलं औषध. खोटं नाहीच ते.

तुमच्या जंतूंना रोज मटण, आणि आम्हाला शिमग्याला! दिग्गीपेक्षा जंतूचा जन्म बरा.

तुम्ही मला काही मागितलंत याचं बरं वाटलं, हे लिहूनच टाकते. या घरात आल्यापासून माझ्याकडून एकच गोष्ट मागतात आणि ती काही माझ्या हातची नाही. सासूबाई आता उघड बोलतात. नुंदीकडचं स्थळ आहे म्हणे, पोरीचं नाव फुला. तुमचे दादा गप्प बसतात. त्यांच्या गप्प बसण्याला मी अजून होकार समजत नाही, इतकंच.

तुमचा शब्द घरात चालतो. पुण्याहून आलेलं पत्र सासूबाई देवापुढे ठेवतात, मग मला वाचायला देतात. दादांना दोन शब्द लिहा, की दुसरी आणू नकोस. मी वाचून दाखवीन तेव्हा आवाज कापू देणार नाही.

यमुना


पुणे, २४ सप्टेंबर १९१३

ती. वहिनींस नमस्कार.

वहिनी, सापडले! तुमच्या काळ्या अळीच्या पोटातलं पाणी काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. आखूड, गोलसर, नुसते वळवळत होते. नळीत ते रातोरात वाढले. साहेब पहिल्यांदाच माझ्या खुर्चीवर बसला आणि मला उभं ठेवून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, मेलेल्यात सापडले म्हणजे त्यांनीच मारलं असं होत नाही. धडधाकट अळीला चारून मारून दाखव. त्याचं खरं आहे. पण ही अळी पुण्यात मिळत नाही आणि वाटेत जगत नाही.

तेव्हा हा प्रयोग तिथेच व्हायला हवा. सोबत मेणाचं बूच लावलेली बाटली आहे, ती उघडून हुंगू नका. जित्या अळ्या धरून दोन मडक्यांत सारख्या घाला. एकातल्या अळ्यांना बाटलीतल्या पाण्यात बुडवलेली भाताची पात द्या, दुसऱ्यातल्यांना साधी. तोंडाला फडकं बांधा. कोण मरतं, कोण जगतं ते पाहून लिहा. गोठ्यामागची सरपणाची खोप बरी, तिथे कोणी जात नाही.

आता एक गोष्ट. आश्विनात गाव अळी पोचवील. गावचे म्होरके म्हणून बुधवंत द्रोण घेऊन पुढे निघतील आणि प्रत्येक घरच्या बाईला शिवेवरच्या ओढ्यापाशी विचारतील, घरात राहिली काय. ते मला ठाऊक आहे, मी त्याच गावचा. पण वहिनी, तुम्ही मास्तरांची मुलगी. द्रोणात चार अळ्या घालून ओढ्यापलीकडे टाकल्याने अळी जाते हे तुम्ही तरी मानू नका. आपल्या मडक्यांचं तिथे बोलायचं नाही.

आईला आणि दादाला हे पत्र वाचून दाखवाल तेव्हा मडक्यांचा भाग गाळा. घरात वाचणाऱ्या तुम्ही एकट्या आहात. काय वाचायचं आणि काय नाही, ते तुमच्याच हातात आहे.

परशुराम

ता. क. फुलाचं वाचलं. दादाला लिहितो.


दिग्गी, १२ ऑक्टोबर १९१३

चि. भाऊजींस आशीर्वाद.

तुमचं पत्र गाळून वाचलं. गाळलेल्या जागी तुमच्या जेवणाखाण्याच्या दोन ओळी घातल्या, म्हणजे पत्र आखूड वाटायला नको. सासूबाईंना तेवढंच आवडलं.

आता प्रयोगाचं. बाटलीतलं पाणी लावलेली पात ज्यांनी खाल्ली त्या आधी सुस्त झाल्या, मग खायच्या थांबल्या, मग मडक्याच्या काठाला उलट्या लोंबल्या आणि काळ्या पडल्या. एकही उरली नाही. दुसऱ्या मडक्यातल्या मात्र गलेलठ्ठ झाल्या आहेत, फडक्याखाली कुरतडण्याचा आवाज येतो. पहिलं मडकं उघडलं तेव्हा मला आनंद झाला, हे कोणाला सांगावं? मेलेल्या अळ्या बघून नाचावंसं वाटणारी दिग्गीत मी एकटीच असेन.

पण परवा अळी पोचवली. यंदा खाचरं अर्धी खाल्ली आहेत, म्हणून माणसं फार धास्तावली आहेत. कुंभ्याच्या पानाचा द्रोण हातात धरून मीही रांगेत होते. ओढ्यावर बुधवंत भिकाजींनी एकेका घराला विचारलं. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "घरात राहिली काय?" मी म्हटलं, "न्हाई देवा, पोचली." बाकीच्या बायका म्हणाल्या तसंच. मास्तरांची मुलगी असले तरी मनातल्या मनात देवाची माफी मागितली, हसू नका.

आता त्या उरलेल्या जित्या अळ्यांचं काय करू? काम झालं असेल तर चुलीत घालते.

दादांना तुमचं पत्र आलं नाही. मागच्या ता. क.मध्ये लिहितो म्हणालात, म्हणून आठवण. सासूबाई नुंदीला जाऊन आल्या.

यमुना


पुणे, २० ऑक्टोबर १९१३

ती. वहिनींस नमस्कार.

तुमचं पत्र मी साहेबाला इंग्रजीत वाचून दाखवलं. पोचवण्याबिचवण्याचं सोडून. त्याने माझ्याशी हात मिळवला. बरोबरच्या त्या दोघांची तोंडं बघायला हवी होती.

चुलीत मुळीच घालू नका! उरलेल्या धडधाकट अळ्या कोषात जाऊन त्यांची पाखरं होईपर्यंत ठेवायच्या. त्याशिवाय त्या मुळात निरोगी होत्या हे सिद्ध होत नाही, आणि ते नाही तर सगळंच व्यर्थ. साहेब पहिल्यांदा तेच विचारील. एवढा धीर धरलात, आणखी थोडा धरा. पाखरं झाली की मला कळवा आणि मग काय ते करा.

निबंध लिहायला घेतला आहे. खाणावळीचा भातही गोड लागतो आजकाल.

घाईत,
परशुराम


दिग्गी, ३ नोव्हेंबर १९१३

चि. परशूस दादा लाडू याचा आशीर्वाद.

मी सांगतो आणि यमुना लिहिती. दुसरं कोण लिहिणार. बुधवंत म्होरं बसल्यात, ते म्हणाले, लाडू बोलंल तसंच लिव्ह, आपलं घालू नको.

परशू, आपल्या घरात अळी सापडली. आईनं संध्याकाळचा देवाजवळ दिवा लावला, तवा पाखरं येऊन दिव्यावर पडाय लागली. भुरकी पाखरं, अळीचीच. आई मागानं बघत गेली तर सरपणाच्या खोपीत मडकं, फडकं कुरतडल्यालं, आत कोष. आई तिथंच बसली आणि वरडाय लागली. सगळी वाडी गोळा झाली. आई म्हणाली, "पोटाला लेकरू न्हाई आणि अळ्या पोसती घरात." तवापास्नं समदी तेच म्हणत्यात.

पोचवल्यावर अळी गेली न्हाई, उलट लोंब्या कातरल्या. भिकाजींच्या खाचरात तर नुसता पेंढा उभा हाय. आता समद्यांस्नी कारण गावलं. शिवेवर देवापुढं खोटं बोलली म्हणून देवानं घेतलं न्हाई.

मडकी जाळली. हिला मी इचारलं. ही म्हणती, परशूनं सांगितलं, जित्या ठेव म्हणून त्यानंच लिहिलं. हिनं पत्र म्होरं धरलं. पर आमी काय बघणार, काळी अक्षरं. वाचणारी तीच.

गावाचं म्हणणं असं. ज्यानं ठेवाय लावली त्याचा दोष. तू सांगितलं असशील तर तू यायचं, शिवेवर उभं राहून कबूल करायचं, आणि जमिनीतला तुझा वाटा देवाच्या नावानं जायचा. तू न्हाई म्हणालास तर दोष हिचा, मग ही घरात राहणार न्हाई. तुझ्या पत्राची वाट बघतो. तंवर ही गोठ्यात ऱ्हाती.

तुझा दादा,
लाडू

इथपर्यंत तुमच्या दादांचं. बुधवंत विचारतात अजून काय लिहितेस, मी म्हटलं तारीख. भाऊजी, एक ओळ पुरे. होय, मी सांगितलं, एवढीच.


पुणे, १२ नोव्हेंबर १९१३

ती. दादास परशुरामाचा साष्टांग नमस्कार. बुधवंत भिकाजी यांस नमस्कार.

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. आपल्या घराण्यात असं व्हावं!

वहिनींकडे मी अळ्या मागितल्या होत्या, हे खरं आहे. पण त्या मेलेल्या. माझ्या पहिल्या पत्रात तसं स्पष्ट लिहिलं आहे. मेलेली अळी घरात ठेवू नये असं आपल्यात कुठेही नाही. जित्या त्यांनी का ठेवल्या आणि खोपीत का लपवल्या, हे मी इथून कसं सांगणार? पोटी मूलबाळ नसलं की बायकांचं मन कशातही गुंततं. मास्तरांच्या घरी थोडंफार वाचायला शिकल्या, त्याचाही परिणाम असेल. मी त्यांना दोष देत नाही.

गाव ठरवील ते मला मान्य. निबंध वाचायचा दिवस तोंडावर आल्याने येता येत नाही, क्षमा असावी. आईच्या मनात जे आहे ते आता तिला करू दे. घराला वारस हवा.

तुझा धाकटा भाऊ,
परशुराम


पुणे, २० फेब्रुवारी १९१४

ती. यमुनावहिनींस परशुरामाचा नमस्कार.

तीन महिने झाले, तुमचं अक्षर नाही. दादाचंही काही नाही, आणि दादाचं नाही म्हणजे तुमचंच नाही. रागावला आहात हे समजतो. रागवा, पण ऐकून घ्या.

मी त्या वेळी काय करणार होतो? होय म्हटलं असतं तर निबंधाच्या तोंडावर दिग्गीला येऊन ओढ्यात उभं राहावं लागलं असतं. साहेबाला काय सांगायचं, अळीची माफी मागायला चाललो म्हणून? आणि वाटा गेला असता तो वेगळाच. शिवाय वहिनी, खरं सांगू, मला तुमचा भरवसा होता. पत्र तिथे तुम्हीच वाचणार हे मला ठाऊक होतं. मी कागदावर काही लिहीन, तुम्ही ते तसंच्या तसं मोठ्याने वाचाल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. गाळायला मीच शिकवलं होतं की! तुम्ही सांभाळून घेतलं असेलच. मला दोषी न करता स्वतःला कसं सोडवायचं, एवढी अक्कल तुम्हाला आहे.

आता आनंदाची बातमी. निबंध वाचला गेला. साहेबाने सरकारी जागेसाठी शिफारस केली, आणि ती मिळाली. धारवाडकडे नेमणूक आहे. प्रयोग लेखकाने जातीने आपल्या गावी केले असं निबंधात लिहिलं आहे. तुमचं नाव घालावं असं मनात होतं, पण खेड्यातल्या बाईने मडक्यात केलेला प्रयोग म्हटल्यावर कोणी पुढचं पान उलटलं नसतं.

जागा मिळाली म्हणून रामनगरच्या एका व्यापाऱ्याकडून स्थळही आलं आहे. मुलीचा बाप म्हणतो, घरची जमीन एकदा डोळ्यांनी बघू द्या. म्हणून शिमग्याला त्याला घेऊन दिग्गीला येतो. तुमच्या हातची नाचणीची भाकरी खाईन. पुढच्या आश्विनात पुन्हा थोड्या अळ्या लागतील, ते भेटीत बोलू.

तुमचा,
परशुराम


कॅसलरॉक, ३ मार्च १९१४

परशू,

आशीर्वाद लिहिला नाही, तो विसरले म्हणून नाही. अहो-जाहोही आज नको. पाटीवर हात धरून शिकवलं तेव्हा मी तुला 'तू'च म्हणत होते.

दिग्गीच्या पत्त्यावर पाठवलेलं तुझं पत्र इथेच गोपाळदादाच्या हाती पडलं, आणि दिग्गीला न जाता माझ्या हाती आलं. मी इथेच असते. माझ्या वहिनीच्या घरात आहे, चूल माझ्याकडे आहे. तिने मला अजून जा म्हटलं नाही, पण पाहुणे आले की ती मला मागच्या दाराला बसवते. गाडीच्या शिट्टीची आता सवय झाली.

तुझं ते मागचं पत्र आलं तेव्हा देवळापुढे सगळा गाव बसला होता. बुधवंतांनी ते फोडून माझ्या हाती दिलं आणि म्हणाले, वाच. मी आधी मनात वाचलं. मग मान वर करून पाहिलं. तुझे दादा माझ्या तोंडाकडे बघत होते, त्यांना वाटत होतं आता ही सुटते. त्या क्षणी मी 'होय' वाचलं असतं, तरी कोणी धरू शकलं नसतं. वाटलंही तसं. पण जे तू द्यायचं होतंस ते मी चोरून का घेऊ?

म्हणून तुझं सगळं वाचलं. मेलेल्या अळ्या वाचल्या. पोटी मूलबाळ नसलं की, तेही वाचलं, आवाज कापू दिला नाही. वारस हवा, हेही वाचलं. सासूबाई मान डोलावत होत्या.

मग तुझं पत्र संपलं आणि मी वाचतच राहिले.

मी वाचलं, "माझ्या घरात देवाचा अपराध झाला. ती जमीन मला नको. माझा वाटा मी देवाला दिला. मी आता पुण्याचा झालो, गावाने मला मेलेला समजावं." बुधवंतांनी मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. मी तेच शब्द पुन्हा वाचले, एकही हलला नाही. तुझी आई तेव्हा रडली. माझ्यासाठी रडली नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कामं एकदमच केली. मला ओढ्यापर्यंत नेलं. बरोबर लुगडं आणि पाटी, तूच गिरवलेली. मी पाण्यातून पलीकडे गेले, तेव्हा बुधवंतांनी मागे वळून विचारलं, "घरात राहिली काय?" सासूबाई म्हणाल्या, "न्हाई देवा, पोचली." तुझे दादा खाली बघत होते. मग तुझ्या नावाचं मडकं आणलं. मेलेल्या माणसाचं फोडतात तसं त्यांनी ते शिवेवर फोडलं. मी पलीकडून पाहिलं आणि मला हसू आलं, मडक्यांनी आपला दोघांचा पिच्छा काही सोडला नाही.

मार्गशीर्षात फुला घरी आली. चांगली आहे म्हणे. तिला वाचता येत नाही.

तू व्यापाऱ्याला घेऊन शिमग्याला जाशील, तर तुझ्या दादाच्या घरात तुला पाणी मिळणार नाही. मेलेल्याला कोण देतं? जमिनीवर देवाच्या नावाचा दगड रोवला आहे, तो त्याला दाखव. हे खोटं आहे, मी असं लिहिलं नव्हतं, असं तू म्हणू शकतोस. मग ते विचारतील, यमुनेने खोटं का वाचलं? तुला ते सांगावं लागेल. ते सांगायचं तर जित्या अळ्या कोणी ठेवायला लावल्या इथून सुरुवात करावी लागेल. मी तेव्हा मागितलेली ओळ अजून तिथेच आहे.

पत्राने मात्र ते भागणार नाही. दिग्गीत आता वाचणारं कोणी उरलेलं नाही. चालत जा, ओढ्यात उभा राहा आणि तोंडाने सांग.

यमुना